अडचणीची नावे

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी हा विषय शिकवला. शाळा मराठी माध्यमाची. मुले बहुतेक वाडीवाल्यांच्या, मिठागरांवर राबणाऱ्यांच्या आणि मासळीच्या धंद्यावर पोट असलेल्यांच्या घरांतली. समानार्थी शब्दांचा तास आला, की मी फळ्याच्या मधोमध 'डिफिकल्टी' हा शब्द लिहीत असे आणि त्याच्याभोवती इतर शब्द मांडीत असे: ट्रबल, प्रॉब्लेम, हार्डशिप, ऑब्स्टकल, ट्रिब्युलेशन. मुले ते शब्द वहीत उतरवून घेत आणि त्या सर्वांसमोर एकच मराठी शब्द लिहीत: अडचण. परीक्षेत त्यांना गुण मिळत आणि मला समाधान मिळे. समानार्थी शब्द म्हणजे एकाच अर्थाची अनेक नावे, एवढीच त्या वेळी माझी समज होती. ती समज अपुरी होती, हे मला कोणत्याही शब्दकोशाने सांगितले नाही. ते सांगितले अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईने. आणि तिला तर इंग्रजीचे एक अक्षरही येत नव्हते.

माझ्या लहानपणी वसईच्या आमच्या वाडीत 'प्रॉब्लेम' हा शब्द कोणाच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवत नाही. विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर 'इंजिन बिघडले' असे म्हणत. पाऊस लांबला, तर 'पावसाने ओढ दिली' म्हणत. घरात पैसा नसला, तर 'ओढाताण आहे' म्हणत. मुलीचे लग्न जमत नसले, तर 'जिवाला घोर लागला आहे' म्हणत. आणि भावाभावांत बिनसले, तर 'तिढा पडला आहे' म्हणत. आज या साऱ्यांसाठी एकच नाणे चालते. इंजिनाचा प्रॉब्लेम, पावसाचा प्रॉब्लेम, पैशाचा प्रॉब्लेम, मुलीच्या लग्नाचा प्रॉब्लेम. आणि भावाशी? 'थोडा प्रॉब्लेम आहे.' कोणी मदत मागितली आणि ती द्यायची असली, की 'नो प्रॉब्लेम'. द्यायची नसली, की 'जरा प्रॉब्लेम आहे'. होकारालाही तोच आणि नकारालाही तोच. इतका कामसू शब्द दुसरा सापडणे कठीण.

परक्या शब्दांचा मला विटाळ आहे, असे वाचकांनी समजू नये. चावी, घमेले, पगार, बटाटा, पाव हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले आणि मराठी होऊन राहिले. ज्या सणासाठी आपण वर्षभर वाट पाहतो, त्या नाताळाचे नावही तसेच आलेले. नवा शब्द घरात आला, म्हणून घर बाटत नाही. पण पाहुणा आला आणि त्याने घरच्या दहा माणसांना एकेक करून बाहेर काढले, तर घरधन्याने थोडा विचार करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हा विचार मला करावा लागला, तो भाषेच्या अभिमानापोटी नव्हे, तर शरमेपोटी.

आई एकोणऐंशी वर्षांची असताना ओटीवरून उतरताना पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, जखम भरून आली, पण ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही. बुद्धी मात्र अखेरपर्यंत शाबूत होती. ती माझ्याकडे राहत असे. तिचे अंथरूण, तिचे अंग पुसणे, रात्री दोनदा उठून तिला कुशीवर वळवणे, हे सारे प्रामुख्याने माझ्या पत्नीवर पडले. चार महिने गेले. पत्नीची पाठ धरली. माझे निवृत्तिवेतन औषधांना पुरेना. थोरला भाऊ शेजारच्याच आळीत राहत होता, पण तो येई आणि दारातूनच विचारपूस करून जाई. बहीण दुसऱ्या धर्मग्रामात दिलेली. तिला तिचा संसार.

अखेरीस एका रविवारी मिस्सा झाल्यावर मी दोघांनाही घरी बोलावले. सगळे ओटीवर बसले. चहा आला. विषयाला तोंड फोडायचे होते, ते मीच फोडले. मी म्हणालो, "आईच्या प्रॉब्लेमचं काय करायचं, ते आज एकदाचं ठरवून टाकू."

दोन तास बोलणे झाले. दादा जमिनीकडे पाहत बसला होता. बहिणीने डोळ्यांना पदर लावला. मध्येच कोणीतरी वृद्धाश्रमाचे नाव काढले आणि मग सगळेच गप्प झाले. काहीही ठरले नाही. पाहुणे उठून जावेत, तशी माझी सख्खी भावंडे उठून गेली.

संध्याकाळी मी आईला पेज भरवायला आत गेलो. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "अरे, मागच्या महिन्यात मोरीतल्या नळाचा प्रॉब्लेम झाला, तेव्हा तू प्लंबरला बोलावलंस. पाचशे रुपये घेऊन गेला तो. माझ्यासाठी कुणाला बोलावणार आहेस?"

तिच्या स्वरात राग नव्हता. असलाच तर थोडा विनोद होता. ओटी आणि तिची खोली यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता, हे मी विसरलो होतो. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी चमचा पुढे केला आणि तिने मुकाट्याने तोंड उघडले.

त्या रात्री मला झोप आली नाही. जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस मी. मी उठून शब्दकोश काढले. फळ्यावर इतकी वर्षे लिहिलेले ते शब्द प्रथमच नीट पाहिले. 'प्रॉब्लेम' हा मूळचा ग्रीक. 'प्रोब्लेमा' म्हणजे पुढ्यात टाकलेली, समोर येऊन पडलेली वस्तू. वाटेत आडवा पडलेला ओंडका म्हणा. तो माझ्यासमोर आहे, माझ्याबाहेर आहे; त्याला उचलून बाजूला सारले, की वाट मोकळी. नळासाठी, इंजिनासाठी, गणितातल्या उदाहरणासाठी हा शब्द अगदी चोख आहे. त्याचा दोष काहीच नाही. दोष माझा. मी माझ्या आईला वाटेतला ओंडका म्हटले होते.

गाब्रिएल मार्सेल (1889–1973) या फ्रेंच तत्त्वचिंतकाने नेमका याच ठिकाणी बोट ठेवले आहे. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसच्या कामात होता. बेपत्ता सैनिकांची माहिती काढून ती त्यांच्या घरच्यांना कळवणे, हे त्याचे काम. टेबलावर कोरडी नोंदपत्रे आणि टेबलापलीकडे मुलाची वाट पाहणारे आईबाप. पुढे 1929 साली त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्याच्या विचाराचा गाभा थोडक्यात असा, की प्रॉब्लेम माझ्यापुढे असतो, पण जीवनातल्या काही गोष्टींत मी स्वतःच गुंतलेला असतो. त्यांच्याकडे बाहेरून पाहता येत नाही. अशा गोष्टींना तो 'रहस्य' म्हणतो. प्रीती, मृत्यू, दुःख ही अशी रहस्ये. ती सोडवायची नसतात, त्यांत सहभागी व्हायचे असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले, त्यातही दुःखाला रहस्य म्हणूनच हात घातला आहे. हे मी पूर्वीही वाचले होते. वाचणे आणि कळणे यांत किती अंतर असते, ते त्या रात्री उमगले.

मग मी मराठी शब्दांकडे वळलो. माझ्यातल्या शिक्षकाने वही पुढे ओढली आणि एका पानावर शब्द लिहायला सुरुवात केली: अडचण, पेच, गुंता, तिढा, नड, त्रास, कष्ट, हाल, पंचाईत, खोळंबा, प्रश्न, समस्या, संकट, दुःख. लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. यांतला प्रत्येक शब्द आपापले क्रियापद सोबत घेऊन येतो. अडचण दूर करायची असते. पेच आणि तिढा सोडवायचा असतो. नड भागवायची असते. कष्ट उपसायचे असतात. त्रास सोसायचा असतो, किंवा वाचवायचा असतो. संकटातून पार पडायचे असते. आणि दुःख? ते हलके करायचे असते, वाटून घ्यायचे असते. कोणी 'दुःख सोडवले' असे म्हणत नाही. भाषाच तसे म्हणू देत नाही. शब्दाचे क्रियापद म्हणजे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलेला उपाय. 'प्रॉब्लेम' या शब्दापाशी मात्र 'सॉल्व्ह' एवढे एकच क्रियापद आहे. आणि जे सॉल्व्ह होत नाही, त्याच्यापुढे तो शब्द हात टेकतो. त्या रविवारी आम्ही तिघांनी हात टेकले होते, ते यामुळे.

शब्दांच्या पोटात शिरलो, तर आणखीही काही सापडते. 'समस्या' म्हणजे पूर्वी कवीला पुरा करायला दिलेला श्लोकाचा चरण. त्या अर्थी समस्या ही अपुरी राहिलेली कविता. ती दुसऱ्याने पुरी करावी म्हणूनच दिलेली. 'पंचाईत' हा शब्द पंचायतीवरून आला, म्हणजे जिथे एकट्याची अक्कल चालत नाही आणि चार माणसांना बसावे लागते, अशी वेळ. 'कष्ट' हा संस्कृतात पीडा दाखवणारा शब्द. मराठीत त्याला घामाचा वास आला आणि तो मेहनतीचे नाव झाला. आणि 'संकट' म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळी जागा. हिब्रू भाषेतही क्लेशाचा शब्द अरुंदपणावरूनच येतो. स्तोत्रकर्ता चिंचोळ्या जागेतून देवाचा धावा करतो आणि देव त्याला ऐसपैस जागी आणतो, असे 118व्या स्तोत्रात म्हटले आहे. जॉर्डनकाठचा माणूस आणि गंगाकाठचा माणूस एकमेकांना न विचारता एकाच अनुभवाला एकच नाव देतात, याचे मला नवल वाटले. अरुंद जागा बाजूला सारता येत नाही. अंग चोरून तिच्यातून पलीकडे जावे लागते.

इंग्रजी शब्दांवरही मी अन्याय केला होता, हे कबूल केले पाहिजे. 'ट्रबल' हा मूळ लॅटिन 'टुर्बा' म्हणजे गलबला, गर्दी या शब्दाच्या कुळातला. त्याच कुळात गढूळ या अर्थाचा शब्द आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याचे पाणी हालते, ढवळते, आणि पुढे अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू शिष्यांना मन ढवळू देऊ नका असे सांगतो. दोन्हीकडे मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे. आपल्या वसईतल्या बावखलांचे पाणी ज्याने पाहिले आहे, त्याला याची फोड करून सांगायला नको. ढवळलेले पाणी आणखी हलवून निवळत नाही. थोडा वेळ काठाशी शांत बसावे लागते.

त्याच तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. तुला बरे व्हायचे आहे काय, असे प्रभूने त्याला विचारले. त्याचे उत्तर मी कितीदा मिस्सामध्ये ऐकले असेल! तो आपल्या पायांची तक्रार करीत नाही. पाणी हालते, तेव्हा मला तळ्यात उतरवायला माझे असे कोणी नाही, असे तो म्हणतो. त्याला दुखणे तर होतेच, पण दुखण्याहून मोठी होती ती माणसाची नड. माझ्या आईलाही नेमके हेच विचारायचे होते: माझ्यासाठी कोणाला बोलावणार आहेस?

'ट्रिब्युलेशन' या शब्दाची गोष्ट तर शेतकऱ्यांच्या मुलांना मी न सांगावी, याचे मला आजही वाईट वाटते. लॅटिनमध्ये 'ट्रिबुलुम' म्हणजे मळणीची फळी. खालच्या बाजूला गारगोटीचे धारदार तुकडे ठोकलेली जड फळी खळ्यातल्या पिकावरून बैलांकरवी ओढीत. दाणा आणि भुसा वेगळा होई. त्यावरून क्लेशाला हे नाव पडले. आमच्या लहानपणी भाताची झोडणी चाले, तेव्हा पेंढी फळीवर आपटताना आजोबा हात राखून असत. भाताला किती मार द्यायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी हाच दृष्टांत आहे. जिऱ्यावर मळणीची फळी फिरवीत नाहीत, ते काठीने झोडतात. भाकरीचे धान्य मळतात, पण तेही सदासर्वकाळ मळत बसत नाहीत. प्रत्येक दाण्याला त्याच्या त्याच्या जोगे साधन; आणि हे शहाणपण शेतकऱ्याला देवाने शिकवले आहे, असे संदेष्टा म्हणतो. सर्व धान्यांना एकच दांडका घेऊन झोडणारा शेतकरी दाणे फोडून टाकील. सर्व दुःखांना एकच शब्द लावणारा माझ्यासारखा शिक्षकही दुसरे काय करतो?

पहाटे आंजेलुसची घंटा झाली, तेव्हा मी वहीचे नवे पान उघडले आणि 'आईचा प्रॉब्लेम' हे शब्द खोडून त्यांच्या जागी जे खरोखर होते, ते एकेक करून लिहिले. औषधांच्या आणि मदतनीस बाईच्या पैशांची अडचण. रात्रीच्या जागरणाचा पत्नीला होणारा त्रास. आईला उचलून खुर्चीत बसवायला दोन धडधाकट माणसांची नड. आईला होणाऱ्या वेदना. तिचे एकटेपण, कारण तिच्याशी बोलायला कोणालाच सवड नव्हती. आणि मग बराच वेळ पेन हातात धरून बसल्यावर अखेरची ओळ लिहिली: माझ्यातला आणि दादातला तिढा.

तो तिढा वाडीच्या वाटणीचा होता. वडिलांच्या पश्चात माझ्या वाट्याचा तुकडा मी दादाला न विचारता विकला. कायद्याने मला तो अधिकार होता. पण त्या तुकड्यात आमची जुनी विहीर होती आणि दादाची केळी तिच्याच पाण्यावर उभी होती. तीन वर्षे आम्ही एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जात होतो, नाताळला करंज्यांची ताटे पाठवत होतो, आणि बोलत नव्हतो. दादा दारातूनच परत का जातो, हे मला ठाऊक होते. 'आईचा प्रॉब्लेम' या दोन शब्दांखाली मी तेही गुंडाळून ठेवले होते. सर्वांसाठी एकच शब्द वापरण्याचा हा एक फायदा असतो: त्यात आपला अपराधही लपून जातो.

पुढच्या रविवारी मी ते पान सर्वांसमोर ठेवले. जे दोन तासांत झाले नव्हते, ते अर्ध्या तासात झाले. पैशांची अडचण तिघांनी विभागून घेतली. बहिणीने आठवड्यातल्या दोन रात्री मागून घेतल्या. तिला 'प्रॉब्लेम सॉल्व्ह' करता येत नव्हता, पण जागरण वाटून घेता येत होते. उचलायला माणसे हवी आहेत, असे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या एका सभासदाच्या कानावर घालताच दुसऱ्या दिवसापासून आळीतली दोन तरुण मुले सकाळी कामावर जाण्यापूर्वी येऊ लागली. चार महिने ती मुले आमच्या दारावरूनच जात होती. त्यांना कोणी विचारले नव्हते, कारण आमच्याकडे 'प्रॉब्लेम' होता. 'उचलायला या' असे आम्ही म्हटलेच नव्हते.

राहिली अखेरची ओळ. दादाने ती वाचली आणि कागद घडी करून खिशात घातला. मला वाटले, आता तो उठून जाणार. तो उठला, पण दाराकडे न जाता पडदा सारून आईच्या खोलीत गेला. तिढा त्या दिवशी सुटला नाही. तिढा एका हिसक्यात सुटतच नाही. ओढला तर अधिक आवळतो, हे जाळी विणणारा कोणीही कोळी सांगेल. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात संत पीटरच्या चर्चमध्ये 1700च्या सुमाराचे एक चित्र आहे: पवित्र मारिया एका लांब फितीच्या गाठी सोडवीत उभी आहे. पोप फ्रान्सिस यांची त्या चित्रावर फार भक्ती होती. त्यातली मारिया घाई करीत नाही. फीत तिच्या हातांतून पुढे सरकते आणि एकेक गाठ सुटत जाते. मी दादाची क्षमा मागायला सहा आठवडे घेतले, आणि विहिरीच्या पाण्याची काही व्यवस्था लागायला त्याहून अधिक काळ गेला. नव्या मालकाशी बोलणी दादानेच केली. मी नुसता सोबत गेलो.

एक गोष्ट येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मराठी शब्द वापरल्याने माणूस आपोआप सज्जन होत नाही. म्हाताऱ्या माणसाला 'अडगळ' म्हणण्याची सोय मराठीतही आहे आणि तो शब्द 'प्रॉब्लेम'पेक्षा क्रूर आहे. प्रश्न देशी-परदेशीचा नाही, खऱ्या-खोट्याचा आहे. जे आहे, त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, की सोयीचे झाकण घालायचे, एवढाच तो आहे. पापनिवेदनाला बसलो असताना 'फादर, माझे थोडे प्रॉब्लेम आहेत' असे म्हणून कोणाचे भागत नाही. तेथे प्रत्येक पापाला त्याच्या नावाने पुढे आणावे लागते. आपल्या दुःखांनाही तोच मान का देऊ नये?

आईच्या वेदनांवर मात्र आमच्यापाशी उपाय नव्हता. औषधांनी त्या कमी होत, जात नसत. पूर्वी मी तिच्या खोलीत गेलो, की काहीतरी सांगत असे: डॉक्टर काय म्हणाले, नवे मलम कोणते. ईयोबाला भेटायला आलेले मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, कोणी एक शब्द बोलला नाही. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाचे कारण आणि तोडगा सांगू लागले, आणि सारे बिघडले. मीही बोलणे कमी केले. संध्याकाळी तिच्या उशाशी बसून जपमाळ करू लागलो. कधी ती उत्तरे देई, कधी मध्येच झोपी जाई. दादाही येऊन बसे. आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी अजून मोजकेच बोलत होतो, पण एकाच प्रार्थनेचा अर्धा भाग तो म्हणे आणि उरलेला मी. एकदा आई डोळे मिटूनच म्हणाली, "आज दोघांचा आवाज एका सुरात लागला." आम्ही काही बोललो नाही.

तिच्या पडण्याला चौदा महिने झाले आणि आगोटीच्या दिवसांत तिचे अन्न तुटले. धर्मगुरूंनी येऊन तैलाभ्यंग संस्कार दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे, बहिणीच्या पाळीच्या रात्री, ती गेली. आळीतल्या बायका जमल्या. त्यांतली एक सर्वांत वयस्क बाई आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "सुटली गो बाय."

हा शब्द आपण मृत्यूच्या वेळी सर्रास ऐकतो. त्या दिवशी मात्र तो मला वेगळाच ऐकू आला. कारण याच बायका बाळंतिणीविषयी बोलतानाही हाच शब्द वापरीत. प्रसूती कठीण झाली, तर 'बाई अडली' म्हणत, आणि मूल जन्मले, की 'सुटका झाली' म्हणत. आपली 'अडचण' त्याच 'अडण्या'तून आलेली आहे. माझ्या वहीतल्या पहिल्याच शब्दाचे हे पोट मी पाहिले नव्हते. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांच्या दुःखाला प्रसूतिवेदनांचीच उपमा दिली होती. आणि त्या ठिकाणी योहानाने क्लेशासाठी जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा मूळ अर्थ दाबणे, चेपणे, अरुंद जागेतून जाणे असा आहे. संत योहानाची ग्रीक आणि आमच्या आळीतल्या निरक्षर बायकांची मराठी त्या पहाटे एकच गोष्ट सांगत होत्या: ही वाट अरुंद आहे, पण पलीकडे कोणीतरी जन्माला येत आहे.

ते वहीचे पान दादाने मला परत दिले नाही. वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर त्याच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा त्याच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ते घडी करून ठेवलेले दिसले. अखेरची ओळ त्याने पेन्सिलीने खोडली होती. मी पाहिले हे त्याने पाहिले आणि माझ्या ताटात आणखी एक वडी वाढली.

आता कोणी मला 'सर, जरा प्रॉब्लेम आहे' असे म्हणत घरी आला, की मी त्याला बसायला खुर्ची देतो आणि विचारतो, "नक्की काय आहे?" बहुतेकांना सांगायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ मी थांबतो.